रमाबाई रानडे आणि आपल्या वॉर्डातली सिस्टर

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाजवळ डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतात. राउंड होतो, केसपेपरवर औषधे लिहिली जातात आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. उरलेले सगळे तास सिस्टरच्या हातात असतात. सलाईन कधी संपते, लघवी किती झाली, रात्री तीनला श्वास जोरात चालू झाला का, हे सगळे तीच पाहते. ताप, नाडी, रक्तदाब कागदावर नोंदवणारीही तीच.

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात मी जनरल प्रॅक्टिस करतो. गंभीर रुग्णांना भुसावळ, जळगाव किंवा धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. बरे होऊन परतल्यावर घरचे लोक मोठ्या डॉक्टरांचे नाव आवर्जून सांगतात. आठ रात्री ज्या सिस्टरने काढल्या, तिचे नाव मात्र क्वचितच कोणाला आठवते. दुसरीकडे, बारावी झालेल्या मुलींचे आई-वडील येऊन विचारतात, की मुलगी नर्सिंगला जायचे म्हणते, पाठवावे का, पुढे लग्नाला अडचण तर येणार नाही ना. ही शंका आजची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका बाईंना हीच शंका घरोघर ऐकावी लागली होती आणि तिला उत्तर देण्यात त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे गेली. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे न्यायमूर्ती रानड्यांची ही पत्नी घराघरांत पोहोचली. छोटी यमुना आणि तिची पाटी-पेन्सिल अनेकांच्या लक्षात आहे. पण आज रुग्णालयात आपल्याला जी सिस्टर भेटते, तिची वाट मोकळी करण्यात रमाबाईंचा वाटा किती, हे रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना फारसे माहीत नसते.

शुश्रूषा घरात पुण्याची, बाहेर हलकी का?

आजाऱ्याची सेवा आपल्याकडे नवी नाही. सासऱ्यांचे पाय चेपणे, तापाच्या माणसाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवणे, बाळंतिणीला शेक-शेगडी करणे ही घरातल्या बाईची कामे होती आणि ती केल्याने पुण्य लागते असे मानले जाई. घरच्या माणसाची उलटी काढली तर ते कर्तव्य. तेच काम परक्या माणसासाठी, पगार घेऊन, सरकारी दवाखान्यात केले, की ते हलके ठरे.

याची तीन कारणे होती. पहिले सोवळे-ओवळे. रक्त, मलमूत्र, जखमेतला पू, मृतदेह हे सगळे विटाळाचे. बाळंतपण करणारी सुईण घराघरात लागायची, पण तिच्याशी शिवाशिव टाळली जायची. दुसरे कारण परपुरुषाच्या शरीराला हात लावण्याचे. तिसरे म्हणजे रात्रपाळी. चांगल्या घरची बाई रात्री घराबाहेर राहते, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती.

त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिका बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. अनेक ठिकाणी हे काम ख्रिस्ती जोगिणी करत. आपण आज कुठल्याही नर्सला ज्या नावाने हाक मारतो ते ‘सिस्टर’ याच परंपरेतून आले आहे. मुंबईत १८८६ साली खास बायका-मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून दिलेले असते. मिरजेच्या मिशन रुग्णालयात १८९७ मध्ये नर्सिंगची शाळा निघाली. वाट तयार होत होती, पण ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या बायका तिच्यावर पाऊल टाकायला तयार नव्हत्या. त्यांच्या घरचे तयार नव्हते, असे म्हणणे जास्त बरोबर.

देवराष्ट्रे ते पुणे

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. पुढे यशवंतराव चव्हाणही याच गावात जन्मले. मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, त्यामुळे यमुनेला अक्षरओळखही नव्हती. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, नुकतेच विधुर झालेले. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्यांनी विधवेशी लग्न करू नये म्हणून वडिलांनी घाईने ही सोयरीक जमवली. रानड्यांवर त्याबद्दल टीका झाली आणि ती बराच काळ चालली.

लग्न होताच रानड्यांनी बायकोला शिकवायला सुरुवात केली. घर मोठे. सासू, नणंदा, इतर वडीलधाऱ्या बायका. शिकणारी सून त्यांना डोळ्यांसमोर नको होती. टोमणे, अबोला, कामात मुद्दाम अडवणूक असे सगळे प्रकार झाले. इंग्रजी शिकवायला घरी एक इंग्रज बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या स्पर्शाचा विटाळ हा घरात मोठाच प्रश्न झाला. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि त्यांनी शिकणेही सोडले नाही. समोरच्याचा राग सहन करायचा पण आपले काम चालू ठेवायचे, ही सवय त्यांना या घरात लागली. पुढे सेवासदन चालवताना ती उपयोगी पडली.

नाशिक, धुळे आणि फिरती

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि १८७९ मध्ये धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ. पुण्यातल्या पुढाऱ्यांवर सरकारचा संशय होता. रानड्यांना पुण्यापासून दूर खानदेशात पाठवण्यामागे हेच कारण असल्याचे मानले जाते. धुळ्यात त्यांची टपाल फोडून वाचली जात होती. बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रेही येत. तरुण रमाबाईंनी हे दडपण जवळून पाहिले.

मात्र पुण्यातल्या मोठ्या घरापासून लांब असल्याने याच काळात त्यांना शिकायला मोकळीक मिळाली. पुढे रानड्यांची फिरतीची नोकरी आली, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडल्या. पुण्यात परतल्यावर पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या आर्य महिला समाजाच्या कामात त्या सामील झाल्या. मुलींसाठी हायस्कूल हवे ही मागणी गव्हर्नरसमोर मांडताना त्यांनी भरसभेत इंग्रजीतून निवेदन वाचले. त्या दिवशी घरी काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करता येते.

स्पर्शाचा प्रश्न तेव्हा किती टोकाचा होता, हे समजायला एक प्रसंग पुरेसा आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यावरून गावात वर्षानुवर्षे वाद चालला, बहिष्कार झाले. त्या मंडळींत रानडेही होते आणि शेवटी त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनमधल्या एका कप चहासाठी जिथे न्यायाधीशाला प्रायश्चित्त, तिथे घरातली लेक रुग्णालयात जाऊन कुठल्याही जातीच्या रुग्णाचे बेडपॅन उचलणार म्हटल्यावर काय झाले असते?

प्लेगची वर्षे

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईला गेले. तीन वर्षांनी मुंबईत प्लेग आला. तिथून तो पुण्यात आणि पुढे राज्यभर पसरला. औषध नव्हते. माणसे भीतीने आजाऱ्याला सोडून पळत होती. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. आजाऱ्यांना उचलून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. नर्सिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण साथीच्या रोगात जीव धोक्यात घालून रुग्णसेवा करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

प्लेगने एक गोष्ट उघड केली. समाजाला शुश्रूषा करणारे शिकलेले हात मोठ्या संख्येने हवे होते आणि ते नव्हते.

वैधव्य आणि सेवासदन

रानड्यांना हृदयविकार होता. शेवटच्या आजारात रमाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मूलबाळ नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढचे आयुष्य देवपूजेत काढले असते, तर कोणी काही म्हटले नसते.

त्यांनी वेगळे केले. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना त्या भेटू लागल्या. रुग्णालयात जाऊन रुग्णांची विचारपूस करू लागल्या, त्यांच्यासाठी फळे-फुले नेऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केले, तेव्हा रमाबाईंना त्याचे अध्यक्षपद दिले. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदन निघाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे मुख्य सहकारी होते.

सेवासदनात कोण येत होत्या? मोठ्या संख्येने विधवा. दहाव्या-बाराव्या वर्षी लग्न, चौदा-पंधराव्या वर्षी वैधव्य, डोक्यावरचे केस काढलेले, अंगावर लाल आलवण, आणि उरलेले आयुष्य सासरच्या स्वयंपाकघरात. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अशाच मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता. सेवासदनात लिहिणे-वाचणे, शिवणकाम, शिक्षिकेचे प्रशिक्षण असे वर्ग होते आणि राहायला वसतिगृह होते. हेतू साधा होता. बाईच्या हातात असे काम हवे, ज्याचे पैसे मिळतील आणि ज्याची लाज वाटणार नाही.

ससूनचे दार

शिक्षिका होणे लोकांना हळूहळू पटू लागले होते. डॉक्टर होणेही थोडेफार पटले होते. पुण्याच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच अमेरिकेतून डॉक्टर झाल्या होत्या. पण नर्स? तिथे गाडी अडायची. डॉक्टर तपासून निघून जातो. नर्सला रुग्णाला अंघोळ घालावी लागते, जखम धुवावी लागते, मृत्यूनंतर देह व्यवस्थित करावा लागतो.

१९११ च्या सुमारास रमाबाईंनी आणि देवधरांनी सेवासदनातल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायचे ठरवले. सुरुवातीला तयार झालेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. नातेवाईक येऊन भांडत, मुलीला परत घेऊन जाऊ म्हणत. रमाबाई त्यांची समजूत घालत. शिकणाऱ्या बायकांसाठी वेगळे वसतिगृह केले, म्हणजे राहण्या-जेवण्याची आणि सुरक्षिततेची हमी संस्थेची राहिली. पालकांच्या मनातली रात्रपाळीची भीती यामुळे कमी झाली. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी स्वतः जबाबदारी घेते आहे, याचेही वजन होते. लोकांना उपदेश करण्यापेक्षा ही व्यवस्था जास्त कामी आली असावी असे मला वाटते. नर्सिंग कॉलेजचे वसतिगृह कसे आहे, हे आजचे पालकही आधी विचारतात, आणि ते बरोबरच आहे.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात बक्षीस घ्यायला एक केशवपन केलेली विधवा मंचावर आली. तिला पाहून गॅलरीतल्या तरुण विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई उभ्या राहिल्या. तिची ही अवस्था कोणी केली आणि दैवाने व समाजाने गांजलेल्या बहिणीला हसणारे स्वतःला सुशिक्षित कसे म्हणवतात, असे त्यांनी भरसभेत सुनावले. सभागृह गप्प झाले. तरुणपणी घरातले टोमणे मुकाट्याने ऐकणाऱ्या रमाबाई आपल्या मुलींच्या बाबतीत गप्प बसल्या नाहीत.

सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीच्या यात्रेतही जात आणि यात्रेकरू बायकांना मदत करत. शिकलेली बाई अनोळखी लोकांची सेवा करते आणि तिचा मान कमी होत नाही, हे हजारो लोकांना प्रत्यक्ष दिसत होते.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. शेवटच्या वर्षांत त्यांनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही चळवळ केली. जन्मशताब्दीला, १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ हे त्यांचे १९१० साली निघालेले पुस्तक आजही वाचले जाते.

तेव्हाची नर्स काय करत होती?

डॉक्टर म्हणून मला या काळाबद्दल एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रमाबाईंच्या हयातीत प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स नव्हती. पेनिसिलिनचा वापर १९४० च्या दशकात सुरू झाला. टायफॉइडवर लागू पडणारे पहिले औषध १९४८ च्या सुमारास आले. त्याआधी टायफॉइडचा रुग्ण तीन-चार आठवडे तापात पडून असायचा. त्याला वेळेवर पाणी व पातळ आहार देणे, अंग पुसून ताप उतरवणे, तोंड स्वच्छ ठेवणे, कुशीवर वळवणे, शौचातून रक्त जाते का पाहणे, हेच उपचार होते. न्यूमोनियाचेही तसेच. म्हणजे त्या काळात चांगली शुश्रूषा हाच औषधोपचाराचा मोठा भाग होता. शिकलेली नर्स मिळाली तर माणूस वाचण्याची शक्यता वाढायची.

बाळंतपणात हा फरक आणखी ठळक होता. अंधारी खोली, न धुतलेले हात, नाळ कापायला घरातले हत्यार, यामुळे नवजात बाळांना धनुर्वात आणि बाळंतिणींना जंतुसंसर्गाचा ताप यायचा. हात धुणे, उकळलेली कात्री, स्वच्छ कापड या गोष्टी शिकलेल्या नर्सने आणि सुईणीने घरापर्यंत नेल्या. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५४ च्या क्रिमियन युद्धातल्या अनुभवानंतर स्वच्छता, हवा आणि नोंदी यांवर भर दिला आणि १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा काढली. ससूनमध्ये शिकणाऱ्या बायका तीच शिस्त मराठी घरांत आणत होत्या.

रमाबाईंनंतर काय बदलले?

पहिला बदल नोंदणीचा. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला आणि देशभर अभ्यासक्रमाला एकसारखेपणा येऊ लागला. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी आलेल्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात साधारण ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. आज देशात नोंदणीकृत परिचारिका आणि एएनएम मिळून संख्या ३० लाखांच्या पुढे आहे. सगळ्या प्रत्यक्ष कामावर नाहीत आणि वॉर्डात कमतरता जाणवतेच, पण कुठून कुठे आलो हे आकड्यांवरून कळते.

दुसरा बदल कोण नर्स होते याचा. केरळमधून आलेल्या मुलींनी महाराष्ट्रातली रुग्णालये कित्येक वर्षे सांभाळली. आता खानदेशातल्या शेतकरी, कामगार घरांतल्या सगळ्या जातीधर्मांच्या मुली नर्सिंगला जातात. मुलगेही जातात आणि त्यांना वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणतात.

तिसरा बदल कामाचा. आज आयसीयूमधली नर्स व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप सांभाळते. तरीही जुनी कामे संपलेली नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे त्यांना सांभाळले. इतकी वर्षे पडून असलेल्या माणसाला शय्याव्रण म्हणजे बेडसोअर होऊ न देणे किती कठीण, हे पक्षाघाताचा रुग्ण घरी असलेल्या कुटुंबाला विचारा. तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. कुठल्याही यंत्राने हे होत नाही.

वॉर्डात कोण कोण असते?

पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक व्यक्ती नर्स नसते. थोडी ओळख असू द्या.

• एएनएम: दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रावर लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गावातले आरोग्यकाम प्रामुख्याने या करतात.

• जीएनएम: तीन वर्षांचा अभ्यासक्रम. रुग्णालयातल्या बहुसंख्य स्टाफ नर्स या असतात.

• बीएस्सी नर्सिंग: चार वर्षांची पदवी. पुढे एमएस्सी आणि त्यानंतरचे शिक्षणही घेता येते.

• आया, मावशी, वॉर्डबॉय: स्वच्छता, रुग्णाला हलवणे, बेडपॅन देणे अशी मदत करतात. औषध किंवा इंजेक्शन देणे हे त्यांचे काम नाही.

घरी रुग्णाची काळजी घ्यायला एजन्सीमार्फत कोणाला ठेवत असाल, तर ती व्यक्ती प्रशिक्षित नर्स आहे की मदतनीस, हे स्पष्ट विचारा. नर्स असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असते. ती पाहायला मागण्यात काहीही गैर नाही. मदतनीसही चांगले काम करतात, पण इन्सुलिन, नळीतून आहार, जखमेचे ड्रेसिंग यासाठी प्रशिक्षण लागते.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

• दाखल होताच ॲलर्जी, चालू असलेली औषधे, मधुमेह, रक्तदाब, आधीची ऑपरेशन्स ही माहिती डॉक्टरांबरोबर सिस्टरलाही सांगा. घरच्या गोळ्या सोबत ठेवा आणि तिला दाखवा. तिला न सांगता परस्पर देऊ नका.

• औषध देण्याआधी सिस्टर पुन्हा नाव विचारते, तेव्हा चिडू नका. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी तपासणे तिच्या शिक्षणाचा भाग आहे.

• सलाईन हळू चालले म्हणून स्वतः वेग वाढवू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याने धोका होऊ शकतो.

• रुग्ण जास्त गुंगीत वाटणे, असंबद्ध बोलणे, श्वास जोरात चालणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, सुईच्या जागी सूज किंवा जळजळ, यांपैकी काही दिसले तर लगेच सिस्टरला सांगा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

• अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. घरी जाण्यापूर्वी वळवणे, तोंड स्वच्छ करणे, भरवणे हे सिस्टरकडून शिकून घ्या. तिच्या देखत एकदा स्वतः करून पाहा.

• रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा.

• उशीर झाला, तक्रार असली तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरशी किंवा मेट्रनशी बोला. बहुतेक वेळा उशिराचे कारण एकाच नर्सकडे खूप रुग्ण असणे हे असते. आवाज चढवल्याने किंवा अंगावर धावून गेल्याने उपचार लवकर होत नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

मुलीला नर्सिंगला पाठवावे का?

सुरुवातीला सांगितलेल्या पालकांना मी काय सांगतो, तेही लिहितो. तिला रक्त पाहून फार त्रास होत नसेल, माणसांशी बोलायला आवडत असेल आणि रात्रपाळीची तयारी असेल, तर जरूर पाठवा. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्य परिषदेची मान्यता आहे का, शिकण्यासाठी पुरेसे रुग्ण असलेले रुग्णालय जोडलेले आहे का आणि वसतिगृह सुरक्षित आहे का, या तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहा. काम कष्टाचे आहे. कंत्राटी नोकऱ्यांत पगार कमी मिळतो, हेही खरे आहे. मुलीला हे आधीच माहीत असावे.

लग्नाच्या शंकेचे उत्तर मात्र रमाबाईंच्या काळातच मिळालेले आहे. केस काढलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायकांनी ससूनच्या वॉर्डात काम शिकून स्वतःचे पोट भरले आणि परक्यांची मुले वाचवली, तेव्हाच या कामाचा हलकेपणा संपायला हवा होता. काही घरांत तो अजून शिल्लक आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरचे नाव विचारून घ्या आणि डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांबरोबर तिचेही आभार माना.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या रुग्णाच्या उपचाराबाबतचे निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)